पहिला दात हलायलाय: माळवद नाही, कौल नाही, आता दात फेकायचा कुठं?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. लेकीचा खालचा पुढचा दात हलायलाय. सहा वर्षं नुकतीच पूर्ण झालीत. जिभेनं ढकलून ढकलून तिनं त्या दाताचं पार झुलतं दार करून टाकलंय. दुखत नाही, जेवण नीट चालू आहे, त्यामुळं दाताची फार काळजी नाही. भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून आहे.

तिच्या वर्गातल्या एका मुलीनं उशीखाली दात ठेवला तर म्हणे टूथ फेअरीनं शंभराची नोट दिली. तेव्हापासून आमच्याकडं दातपरीची तयारी जोरात. परीला मराठी येतं का, तिसऱ्या मजल्यावर कशी येणार, खिडकीला जाळी आहे ती काढायची का, असे प्रश्न रोज. आई (सासूबाई) म्हणतात, पडलेला दात उशाशी घेऊन झोपतंय का कुणी, तो घरावर फेकायचा, उंदीर नेतो अन् नवा देतो. आता फ्लॅटमध्ये घरावर म्हणजे कुठं? गच्चीची चावी सोसायटीच्या सेक्रेटरींकडं, अन् वर नुसत्या टाक्या. नवऱ्याचं म्हणणं, परी नको अन् उंदीरही नको, दात पडतो, नवा येतो, विषय संपला.

तुमच्याकडं काय करतात? परी आणली असेल तर ती किती देते? अन् दात आपण ओढून काढावा की आपोआप पडू द्यावा?

बिंदुसरा (बीड)
ताई, आमच्याकडं सरळ काम होतं. दात पडला की आजी गोठ्यातून शेण आणायची, सुपारीएवढ्या गोळ्यात दात दाबायची अन् गोळा लेकराच्या हातात द्यायची. माळवदाकडं, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छताकडं, पाठ करून डोक्यावरून मागं फेकायचा. "उंदीरमामा उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे." मागं वळून बघायचं नाही. शेण कशाला, तर नुसता दात घरंगळून खाली येतो, शेणातला चिकटून बसतो, असं आपलं माझं डोकं सांगतं. आजीनं कारण कधी सांगितलं नाही. तिला एवढंच की लेकराचा दात कुणाच्या पायाखाली येऊ नये.

आमच्या सगळ्या भावंडांचे दात त्या माळवदाच्या पांढऱ्या मातीत गेले. दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर आबा वर नवी माती टाकायचे, म्हणजे थरावर थर. फ्लॅटमध्ये तुळशीच्या कुंडीत पुरा. आजी खूश.

हर्सूलकर (छ. संभाजीनगर)
तुळशीला +१, पण सांभाळून. आम्ही कुंडीत पुरला. पुढं कुंडी बदलताना दात जसाच्या तसा वर आला अन् पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं, "उंदरानं नेलाच नाही, मला आता दात येणारच नाही." खोल पुरा.

दात_कोरून_पोट
धाग्यावर दंतवैद्याची हजेरी. नावावरून कळलंच असेल.

ताई, ओढू नका. दोरा बांधून दाराला लावणं वगैरे प्रकार तर अजिबात नको. पक्का दात हिरडीतून वर सरकतो तसं दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळत जातं. ते काम पुरं झालं की दात नुसत्या कातडीवर लटकतो आणि चपातीच्या घासासोबतही निघतो. लेकीला जिभेनं किंवा स्वच्छ धुतलेल्या बोटानं स्वतःच हलवू द्या. पडल्यावर स्वच्छ कापसाची किंवा कापडाची घडी दहा मिनिटं दाबून धरायला सांगा, रक्त थांबतं. पडलेल्या दाताला मूळ दिसत नाही म्हणून "तुकडा आत राहिला का" असं विचारायला बरेच जण येतात. राहिलेला नसतो. जेवताना गिळला तरी घाबरू नका, पोटातून निघून जातो. श्वास लागला किंवा सतत खोकला सुरू झाला तर मात्र लगेच दवाखाना.

दुधाचे दात २०. खालचे मधले दोन बहुतेकांचे आधी पडतात, सहाव्या-सातव्या वर्षी, मग वरचे मधले दोन. शेवटच्या दाढा जाईपर्यंत बारावं वर्ष उजाडतं. वर्गातल्या सगळ्यांचे पडले, आमच्याच पोराचा का नाही, ही घाई करू नका. वर्षभर पुढंमागं चालतं.

आता उंदीर आणि परी दोघांपेक्षा महत्त्वाचं. पुढचा दात हलायला लागतो साधारण त्याच सुमारास सगळ्यात मागं एक नवी दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळं घरात कुणाला पत्ता नसतो. लोक तिला दुधाचीच समजतात. "किडली तर किडली, पडणारच आहे." ती पडणार नाही. ती आयुष्यभराची पहिली पक्की दाढ आहे. माझ्याकडं आठ-नऊ वर्षांची लेकरं तीच दाढ पोखरून घेऊन येतात. आज रात्री मोबाइलची बॅटरी लावून लेकीच्या तोंडात मागं बघा.

मांजराकाठ
डॉक्टर, बघितलं. खाली उजवीकडं खरंच अर्धी वर आलीय! आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

दात_कोरून_पोट
ब्रश तिथपर्यंत पोचतो का ते आता तुम्ही बघायचं. ह्या वयात लेकरं पुढचे दात चमकवतात अन् तोंड धुऊन मोकळी होतात.

बनी_तो_परभणी (न्यू जर्सी)
मूळ गाव हँडलमध्ये आहे, हसणाऱ्यांनी हसून घ्या. परीच्या माहेरात राहतो म्हणून लिहितो.

इथं दातासाठी खिसा असलेली वेगळी उशी मिळते, खिडकीत चमकी सांडतात, पावडरमध्ये बोटांनी पावलं उमटवतात, परीच्या अक्षरात पत्र लिहितात. थोरल्याच्या वेळी आम्ही सगळं केलं. पैशाचं म्हणाल तर डेल्टा डेंटल ही दातांचा विमा विकणारी कंपनी दातपरीचा सर्व्हे करते. १९९८ मध्ये एका दाताला सरासरी १.३० डॉलर मिळायचे, २०२३ मध्ये ६.२३. परीचा भाव विमा कंपनी काढते, यातच काय ते समजा.

पण एक गोष्ट मला आवडली. ही परी फार जुनी नाही. तिचा सगळ्यात जुना छापील उल्लेख सापडतो तो सप्टेंबर १९०८ च्या शिकागो डेली ट्रिब्यूनमध्ये, गृहिणींसाठीच्या सूचनांच्या सदरात. हटवादी लेकरू हलणारा दात काढू देत नसेल तर त्याला परीची गोष्ट सांगा, अन् आयांनी पाच सेंटवाल्या दुकानातून छोट्यामोठ्या वस्तू आणून ठेवाव्यात, असा सल्ला. म्हणजे मुळात नोट नव्हतीच. जत्रेतल्या दुकानात मिळतं तसलं काहीतरी किरकोळ. शंभराची नोट ही नंतरची भर, ताई, ती बिनधास्त टाळा.

रेणुकेचा_गोंधळी (माहूर)
वाढदिवसाला केक आला, फेब्रुवारीत गुलाब आला, आता दातालाही परदेशी पाहुणी. आपला उंदीरमामा काय वाईट आहे? तो फुकट काम करतो.

गोदेचा_घाट (नांदेड)
भाऊ, उंदीर फक्त आपला आहे असं समजू नका. स्पेनमध्ये परी येत नाही, पेरेस नावाचा उंदीर येतो. तेरावा आल्फोन्सो तिथला बालराजा होता. आठ वर्षांचा असताना त्याचा दात पडला, तेव्हा लुइस कोलोमा नावाच्या पाद्र्यानं १८९४ च्या सुमारास त्याच्यासाठी ही गोष्ट लिहिली असं सांगतात. माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर त्या उंदराच्या नावाची पाटीसुद्धा आहे. फ्रान्समध्ये छोटी उंदरीण उशीखालून दात नेते. जपानात आपल्यासारखंच छप्पर. खालचा दात छपरावर फेकतात अन् वरचा घराखाली टाकतात, म्हणजे नवा दात त्या दिशेनं सरळ वाढावा.

उंदीरच का, तर त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून झिजवले नाहीत तर त्यालाच जगणं अवघड होईल. ज्यानं कुणी पहिल्यांदा लेकरासाठी दात मागायला उंदराकडं बघितलं, त्यानं घरातल्या कणग्या पोखरणारा प्राणी नीट पाहिला असणार. मागायचं तर ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं मागावं. परीकडं स्वतःचे चांगले दात आहेत असं कुणी कधी म्हटलेलं नाही.

अन् आपल्याकडं तर मामा थेट एकदंताच्या पायाशी बसलाय. वशिला आहे.

शारजाहून_सलाम
मी मूळची परळीची. इथं आमच्या शेजारी इजिप्तची बाई राहते. त्यांच्याकडं लेकरू दात सूर्याकडं भिरकावतं अन् म्हणतं, म्हशीचा दात घे, नवरीचा दात दे. माझ्या पोरानं ते ऐकल्यापासून स्वतःच्या पडलेल्या दाताला म्हशीचा दात म्हणायला सुरुवात केली. छप्पर नसणाऱ्यांना सूर्य बरा. तो सगळ्या मजल्यांवर येतो.

बिंदुसरा
म्हशीचा दात! 😂 आजी असती तर तिला हे लई आवडलं असतं.

तेरणामाय
माळवदाचं कौतुक वाचून लिहावंसं वाटलं. मी किल्लारीच्या बाजूचा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी दात पडायच्याच वयात होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. दगडामातीच्या जाड भिंती अन् त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चढवलेल्या मातीचं वजन, झोपेत तेच अंगावर आलं. आमच्या घरातलं कोण गेलं ते इथं लिहीत नाही.

पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. तिथं माझा दात पडला. रीत म्हणून आईनं फेकायला लावला. मातीवर पडलेल्या दाताचा आवाज येत नसतो, पत्र्यावर टण्‌कन वाजला अन् उतारावरून घरंगळत परत पायाशी आला. पुन्हा फेकला, पुन्हा खाली. बघणारे हसायला लागले. शेवटी चुलता वर चढला, पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेल्या दगडांपैकी एक उचलला, दात खाली ठेवला अन् दगड परत त्याच्यावर ठेवून आला. "आता उंदरानं दगड उचलून न्यावा."

नंतर पुनर्वसनाची घरं मिळाली. आमच्या गावात आता माळवद कुणी बांधत नाही, बांधूही नये. त्यामुळं ताई, छताचा हट्ट धरू नका. आईंना सांगा, दात कुठंही टाकला तरी येतो. माझा आला.

मांजराकाठ
दादा, काय बोलू. आईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांचं माहेर औशाकडचं. बराच वेळ त्या किल्लारीबद्दलच बोलत बसल्या, दाताचं राहूनच गेलं.

कोयता_ते_कीबोर्ड
आमचे आईबाप ऊसतोडीला जायचे, धारूर तालुक्यातून. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी भरायची अन् उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम फडावर. आमच्यातल्या कितीतरी लेकरांचे पहिले दात फडातच पडलेत, कारण ऊस सोलायचा तर दातानंच. माझा दात उसाच्या कांड्यात अडकून बाहेर आला. मला वाटलं ऊसच लाल निघाला.

पाचटाच्या कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, फेकला. तिथं उंदरांना काय तोटा, माय म्हणाली आज रात्रीच नेतील. दातपरी आमच्याकडं आली असती तरी पत्ता काय देणार होतो? फड संपला की कोपी मोडायची अन् पुढच्या फडावर नवी उभी राहायची. उंदराला पत्ता द्यावा लागत नाही.

आता माझं पोरगं पुण्यात इंग्रजी शाळेत आहे, त्याला परी हवीच होती. मी दिली. पण नोट नाही, उशीखाली उसाचं सोललेलं करवं ठेवलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. परीनं ऊस आणला हे त्याला अजून पटलेलं नाही. बायको म्हणते मुंग्या झाल्या.

दात_कोरून_पोट
दात पडल्याचं बक्षीस म्हणून रात्री उशाशी ऊस. भाऊ, आमचा धंदा चालू ठेवल्याबद्दल आभार.

खडू_फळा (जालना)
पैशाच्या मुद्द्यावर मला बोलायचंय. मी प्राथमिकला शिकवते, जिल्हा परिषदेची शाळा. पहिली-दुसरीच्या वर्गात बाकागणिक एक तरी फट असते. गेल्या वर्षी एकजण सुट्टीत शहरातल्या मावशीकडं जाऊन आला अन् परीनं पाचशे दिले म्हणून सांगत सुटला. मधल्या सुट्टीत एक पोरगी माझ्याजवळ आली. "बाई, परी मराठी शाळेतल्यांकडं येत नाही का?"

मला काय उत्तर द्यावं सुचेना. म्हटलं, आपल्याकडं उंदीरमामाची हद्द आहे, परीला इकडं ड्यूटी नाही. तिला पटलं, कारण तिच्या वडलांची पण हद्द असते, ते महावितरणमध्ये लाइनमन आहेत.

तेव्हापासून वर्गात तक्ता लावलाय. प्रत्येकाच्या नावापुढं वीस चौकोन. दात पडला की एक चौकोन रंगवायचा. २० मधून ३ गेले किती राहिले, हे गणित न रडता होतं. ज्याच्या घरी परी येते त्यानं घरी ठेवावी, वर्गात भाव सांगायचा नाही, एवढाच नियम. पालकांनो, तुम्ही परी आणा नाहीतर राक्षस आणा, पण रक्कम अशी ठेवा की शेजारच्या लेकराच्या आईला रात्री झोप यावी.

बनी_तो_परभणी
बाई, "परीला इकडं ड्यूटी नाही" हे मी घरी वापरणार. इथली हद्द सोडून परी भारतात का येत नाही, हे धाकटी विचारतच होती.

निवांत_निजामकालीन
अवांतर, पण विचारतो. लेकरांना खोटं सांगायचंच कशाला? मोठं झाल्यावर कळतं की आईबापच उशीखाली हात घालत होते. मग विश्वास कसा राहणार?

गोदेचा_घाट
पाचवीला सटवाईसाठी कोरा कागद अन् पेन कुणी ठेवला होता तुमच्या पाळण्यापाशी? सकाळी कागद कोराच निघाला असणार. तुमचा आईवरचा विश्वास उडाला का?

निवांत_निजामकालीन
सटवाईनं माझ्या कपाळावर जे लिहिलं ते बघता विश्वास तिच्यावरचाच उडालाय. पण मुद्दा घेतला.

खडू_फळा
माझा अनुभव, लेकरांना अर्धंमुर्धं ठाऊक असतं. ती खेळ म्हणून खेळतात. सरळ विचारलं, "तूच ठेवलेस ना?" तर सरळ हो म्हणावं. तिथं मात्र ताणू नये.

पैनगंगा_पल्याड (किनवट)
डॉक्टर, एक शंका. आमच्या वस्तीत बोअरचं पाणी पितात. मोठ्या पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे आहेत. धाकट्याचे दुधाचे दात पांढरेशुभ्र होते, आता पक्के आले ते पट्टेवाले. आई म्हणते, दात नीट टाकला नाही, उंदरानं घेतलाच नाही, म्हणून असा आला.

दात_कोरून_पोट
आईंना नमस्कार सांगा आणि उंदराला सोडून द्या. हे पट्टे फ्लोराइडचे असण्याची शक्यता जास्त. किनवट भागातल्या काही गावांच्या भूजलात ते जादा आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पक्के दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत, जादा फ्लोराइड पोटात गेलं तर त्यांच्या कवचावर असे डाग राहतात. दुधाच्या दातांवर परिणाम कमी दिसतो, म्हणून घरच्यांना वाटतं की दात बदलताना काहीतरी चुकलं.

पाणी उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. ग्रामपंचायतीमार्फत बोअरचं पाणी तपासून घ्या. आरओतून ते बरंच निघतं, आणि जवळ कमी फ्लोराइडची विहीर किंवा नळयोजना असेल तर पिण्या-स्वयंपाकापुरतं तिथलं वापरा. घरात आणखी लहान लेकरं असतील तर हे आधी करा. आलेल्या डागांवर उपचार आहेत, ती घाई नाही.

पैनगंगा_पल्याड (किनवट)
लहान आहे अजून एक, दोन वर्षांची. उद्याच सरपंचांना गाठतो.

मांजराकाठ
मंडळी, पडला!

येळवसेला (वेळा अमावस्येला) गावाकडं गेलो होतो. शेतात कडब्याच्या कोपीपाशी पूजा झाली, पंगत बसली, भज्जी अन् उंडा खाता खाता लेकीनं तोंडात बोट घातलं अन् दात बाहेर. रक्त जरासं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं कापूस शोधला, मिळाला नाही, धुतलेल्या पंचाचं टोक दाबून धरलं. त्या तोंडानं तिला आंबीलही प्यायची होती, म्हटलं थांब जरा.

आईंनी मिसरीची रिकामी डबी धुऊन त्यात दात ठेवला अन् संध्याकाळी गावातल्या घरी आल्यावर पत्र्यावर फेकायला लावला. तेरणामाय दादा, घरंगळून आलाच! दिराला वर चढवलं, दगड ठेवून घेतला.

आता खरी गंमत. रात्री लेक रडवेली, दात उंदराला दिला तर परीला काय देणार? मी काहीतरी सारवासारव करायच्या आत आईच म्हणाल्या, "अगं, उंदीर दात नेतो, परी पैसे आणते. दोघांचं खातं वेगळं. उंदरानं पावती दिली की परी येते." सकाळी उशीखाली अकरा रुपये. दहाची नोट अन् एक रुपया, आईंच्या चंचीतून, तंबाखूचा वास येणारी नोट. लेकीनं वास घेतला, आजीकडं बघितलं अन् काही बोलली नाही. शाळेत मात्र सांगून आली की आमची परी गावाकडची आहे.

नवऱ्याला विचारलं, आता काय म्हणणं? म्हणे, पावतीचं आवडलं, बँकेत असं काम झालं पाहिजे.

रेणुकेचा_गोंधळी
उंदरानं पावती दिली की परी येते 🙏 आईंना साष्टांग. विरोध मागे.

खडू_फळा
अकरा रुपये! हाच भाव सगळ्या मराठवाड्याला लावा.

कोयता_ते_कीबोर्ड
एकूण वीस दात, अकराच्या भावानं दोनशे वीस. आजींच्या चंचीला परवडण्यासारखं आहे.

हिंगोलीची_हिरवळ
उशिरा येतेय, धागा सगळा वाचला. डॉक्टर, आमच्या साडेसहा वर्षांच्या मुलाच्या खालच्या दाताच्या मागून, जिभेच्या बाजूनं नवा दात वर आलाय. पुढचा अजून हलतसुद्धा नाही. दोन रांगा दिसतात. सासरे म्हणतात दोन रांगा म्हणजे भाग्याचं लक्षण, काढू नका. काय करू?

दात_कोरून_पोट
हे बऱ्याच लेकरांत दिसतं, घाबरू नका. पक्का दात थोडा मागून निघाला, त्यामुळं पुढच्याचं मूळ पुरतं विरघळलं नाही. पुढचा हलत असता तर वाट बघा म्हटलं असतं. तो पडल्यावर जागा असेल तर जीभ मागच्याला हळूहळू पुढं ढकलते. तुमच्याकडं तो हलतच नाही, म्हणून एकदा दंतवैद्याला दाखवा. पुढच्या दोन-तीन महिन्यांत आपोआप सुटला नाही तर तो काढून टाकतात, सोपं काम असतं. ज्या दाताला मूळ उरलंय तो घरी ओढायचा प्रयत्न करू नका, दुखेल.

नवा दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळट अन् कडेला बारीक दाते असलेला दिसेल. तसाच असतो, घासून पांढरा करायला जाऊ नका.

आणि हे सगळ्यांसाठी. पडून किंवा बॉल लागून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो उंदराचाही नाही अन् परीचाही नाही. पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, कपभर थंड दुधात टाका अन् अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडं पोचा. परत बसवता येतो. दुधाचा दात असा निघाला तर तो परत बसवायचा नाही, पण लेकरू दाखवायला आणा.

हिंगोलीची_हिरवळ
सोमवारची वेळ घेतली. सासऱ्यांना भाग्याचं काय सांगू?

दात_कोरून_पोट
सांगा, काढलेला दात आम्ही डबीत घालून परत देतो. भाग्य घरीच राहतं, फक्त तोंडातून डबीत.